जावईबापूंचा डावा स्पीकर

यातला एक शब्दही तुम्हाला खरा वाटणार नाही. लावता पैज? वाटलाच खरा, तर आजपासून मी थापा मारणं सोडते. (आणि या वयात तेही सोडलं तर माझ्याकडे उरणार काय, सांगा!)

तर आमचे जावईबापू. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. माणूस अगदी गरीब, मुंगीला वाट देऊन चालणारा. पण कानाचा अभिमान केवढा! ऑफिसातल्या लोकांनी त्यांना ‘कानसेन’ नाव ठेवलं. लोकांनी ठेवलं चेष्टेत, यांनी घेतलं मनावर. तेव्हापासून घरात साधा नळ गळला तरी बापू डोळे मिटून ऐकणार आणि म्हणणार, “सुरात गळतोय हं!” अहो, सुरात गळतोय तर गळतोय, पण वॉशर कोण बदलणार?

घरात त्यांचा तो स्टिरिओ. माझ्या कमरेला लागतील असे दोन स्पीकर, एक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. मधे एक काळं डबडं, त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. समोर सोफा, आणि सोफ्याच्या बरोब्बर मध्यावर बापूंची जागा. तिथे बसलं की म्हणे दोन्हीकडून आवाज सारखा येतो. मी एकदा चुकून तिथे मटार सोलत बसले. बापू शेजारी उभे राहून म्हणाले, “नाही नाही, आई, बसा ना तुम्ही, बसा.” ज्या आवाजात म्हणाले, त्याने शहाणा माणूस उठतोच. मी नाही उठले. मटार संपल्यावर घेवडासुद्धा तिथेच निवडला.

बरं, हे झालं कौतुक. आता मुद्द्याचं ऐका.

माझी नात, म्हणजे बापूंची एकुलती एक लेक, लांब मोठ्या शहरात गाणं शिकते. तिथे कसलीशी निवड होती. निवड झाली की मोठ्या बाईंपाशी शिकायला मिळणार. त्यासाठी पोरीने आपलं गाणं रेकॉर्ड केलं, त्याची सीडी बापूंना कुरियरने धाडली आणि फोन केला. “बाबा, तुम्ही ऐका आणि खरं सांगा. तुम्ही बरं म्हणालात तरच पाठवणार. या आठवड्यात पाठवायचंय.”

फोनवर का नाही पाठवलं, असं विचाराल तुम्ही. अहो, बापू फोनवर गाणं ऐकत नाहीत. “फोनवर गाणं ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतून जेवणाचा वास घेणं,” म्हणतात.

आता यात एक गोम आहे. पोर लहान असताना पाहुण्यांपुढे गायली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मी तर मुके घेतले. बापू म्हणाले, “तिसरी ओळ घसरली.” पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, बापूंशी अबोला धरला. पण त्या दिवसापासून तिने टाळ्या कुणाच्याही घेतल्या तरी विश्वास ठेवला एकट्या बापावर. बापूंनाही ते ठाऊक. हा माणूस आयुष्यात एक ओळ गायलेला नाही (एकदा अंगाई म्हटली तर झोपलेलं पोर जागं झालं), पण लेकीला गाण्यातलं खोटं कधी सांगितलं नाही. ती त्यांची सगळी इस्टेट.

तर सीडी आली. बापूंनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, न्हाणीघरात आरशापुढे बराच वेळ काहीतरी खुडबुड केली आणि येऊन आपल्या जागेवर बसले. जणू मुलगी बघायलाच निघालेत. बटण दाबलं. पोरीचा आवाज आला, असा गोड आला की मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायची थांबले. आणि तिने आवाज वर नेला मात्र, बापू ताडकन उठले.

“खरखर!”

गाणं पुन्हा पहिल्यापासून. पोरीचा सूर वर गेला की बापूंच्या तोंडावर असं दिसायचं, जणू कुणी वाळक्या पाचोळ्यावरून चप्पल घासत चाललंय. तेही फक्त डावीकडून. बापूंचा चेहरा पांढराफटक. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांच्या कपाळावरच उमटलं होतं: पोरीचा गळा फाटतोय की काय?

“अगं, इकडे ये आधी!” त्यांनी माझ्या लेकीला हाक मारली. ती भांड्यांचा साबण हाताला घेऊन आली.

“ऐक. आहे ना खरखर?”

“हो.”

“डावीकडून?”

“हो.”

“वरच्या सुराला जास्त?”

“हो. दूध ठेवलंय गॅसवर.” आणि गेली.

बापूंनी मग कपाटातून दुसरी सीडी काढली, कुठलीशी बासरी. तिच्यातही खरखर! सतारीची लावली, तिच्यातही खरखर! त्यासरशी बापूंनी हात जोडले. “देवा, उपकार झाले. मशीनच बिघडलंय!” महागाची वस्तू बिघडली म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण मग निकाल कसा देणार? “फुटक्या आरशात बघून मुलगी पसंत करतात का?” बापू मला म्हणाले. “मशीन नीट होईस्तोवर मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही.” आणि लुंगी खोचून लागले कामाला.

ऑफिसातली शिस्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी डाव्या स्पीकरची वायर काढून नवी लावली. खरखर डावीकडेच. मग दोन्ही स्पीकरच उचलून याचा त्या कोपऱ्यात, त्याचा या कोपऱ्यात. म्हणजे स्पीकर नादुरुस्त असेल तर खरखर उजवीकडे जायला हवी की नाही? नाही गेली. डावीकडेच. मग काळ्या डबड्यामागच्या वायरी उलटसुलट. डावीकडेच!

“आई,” बापू घाम पुसत म्हणाले, “वायर नाही, स्पीकर नाही, डबाही नाही. मग राहिलं काय?”

“कोपरा राहिला,” मी म्हटलं. मी आपली गंमत केली हो!

बापूंचे डोळे चमकले. डाव्या कोपऱ्यात माझं काचेचं कपाट. त्यात कपबश्या, काचेचे पेले, माझ्या लग्नातली बरणी. “काच थरथरते आई! तिचाच हा उपद्व्याप!” पेले काढले, बश्या काढल्या, मग कपाटच ओढून बाहेर व्हरांड्यात. खिडकीच्या काचांना चिकटपट्ट्या. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. पंखा बंद. मला म्हणाले, “आई, तुमच्या बांगड्या जरा...” मी बांगड्या काढल्या नाहीत, उलट दारात उभी राहून हळूच वाजवल्या. बापू भिंतीला कान लावून म्हणाले, “ही वेगळी खरखर आहे.” बघा, कान होता हो माणसाला!

शेवटी दुरुस्तीवाला बोलावला. गळ्यात टेस्टर, खिशाला दोन पेनं, बोलायला गोड. तो सोफ्याच्या कडेला बसला. बापूंनी पोरीचं गाणं लावलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, डॉक्टरकडे बघतात तसे.

“ऐकू आली?”

“हं...” दुरुस्तीवाल्याने मान तिरकी केली.

“बारीक आहे. सगळ्यांना कळेल अशी नाही,” बापू म्हणाले.

असं म्हटल्यावर कोण म्हणेल, मला नाही कळली? “आहे, आहे साहेब!” तो म्हणाला. “अगदी बारीक. केसाएवढी. आमच्या लाइनीतल्या माणसालाच कळेल.”

आणि दोघं एकमेकांकडे असे बघायला लागले, जसे परमुलखात गाववाले भेटावेत. त्याने डबडं उघडलं, आतली धूळ फुंकली, तीन वेळा चहा प्याला, डबडं बंद केलं आणि म्हणाला, “साहेब, पार्ट चांगले आहेत. ओल धरली असेल हवेची.”

“ऊन दाखवा मग,” मी म्हटलं. उन्हाळ्यात पापड, थंडीत गाद्या, माझं सगळं औषध एकच.

तो निघून गेला, आणि तुम्ही हसाल, पण दुपारी आमचे हेडक्लार्क जावई डाव्या स्पीकरचं ते धूड छातीशी धरून गच्चीवर निघाले. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. “काय हो, घर बदलताय?” बापू धापा टाकत म्हणाले, “नाही, ऊन दाखवतोय.” वहिनी तिथेच कडेला सरकल्या, त्या संध्याकाळपर्यंत आमच्याकडे फिरकल्या नाहीत. स्पीकरवर माझी जुनी चादर टाकून बापू शेजारी बसून राहिले. एकदा पुढून ऊन, एकदा मागून. मी म्हटलं, “कुशीवर वळवा.” वळवला!

ऊन खाऊनही खरखर डावीकडेच. मग बापूंनी शेवटचा डाव टाकला. सोफा उचलून समोरच्या भिंतीला, सगळं सामान इकडच्या भिंतीला. खोलीचं तोंडच फिरवलं. आता डावीकडे होता तो कोपरा उजवीकडे आला. बटण दाबलं. बापू मटकन खाली बसले.

“अगं, ती इकडे आली!”

“कोण?” माझी लेक पोळ्या लाटता लाटता बाहेर आली.

“खरखर! काल त्या कोपऱ्यात होती, आज या कोपऱ्यात आली. माझ्या मागे मागे आली!”

“हो,” ती म्हणाली आणि गेली.

इतक्यात फोन वाजला. पोरीचाच. बापूंनी फोन कानाला लावला. (डाव्या. तुम्ही हुशार आहात, तुम्हाला कळलं असेल. बापूही हुशारच आहेत, पण हुशार माणसाला आपलं स्वतःचं सोडून सगळं दिसतं.)

“बाबा, ऐकलंत?”

“ऐकतोय बेटा. मशीन जरा...”

“बाबा, आठवडा होत आला. वाईट झालं असेल तर सरळ सांगा ना. तुम्ही कधी असं करत नाही.”

बापूंनी फोन कानापासून काढून बघितला, पुन्हा लावला. लेकीच्या बोलण्यातही खरखर! गाण्यात नव्हे, यंत्रात नव्हे, प्रत्यक्ष पोरीच्या बोलण्यात.

“बेटा,” बापू कापऱ्या आवाजात म्हणाले, “घसा दुखतोय का तुझा?”

“नाही. का? गाण्यात घसा बसल्यासारखा वाटतोय?”

“नाही गं, म्हणजे... तसं... तू गरम पाणी पी.”

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. बापू सोफ्यावर डोकं धरून बसले. मी खरंच सांगते, तेव्हा मला हसू आलं नाही. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांत डोकं, आणि तोंडाने नुसतं पुटपुटतोय, “तिला काय सांगू? खोटं सांगू की काय सांगू?”

“अहो, जेवायला चला!” आतून माझ्या लेकीने हाक मारली. चांगली खणखणीत.

बापूंनी मान वर केली. “तुझाही?”

“माझाही काय?”

“घसा! पुन्हा बोल.”

“पोळ्या गार होतायत!”

“आहे! तुझ्याही घशाला तेच आहे!” मग त्यांचा मोहरा माझ्याकडे वळला. “आई, तुम्ही बोला बघू काहीतरी.”

मी काय सोडते संधी? घसा आवळून, गंजलेलं फाटक उघडावं तशी मी म्हटलं, “काऽऽय बोलू बाऽऽपू?”

झालं! बापूंच्या डोक्यात लख्ख उजेड. “म्हणजे हे आईंकडून आलंय. आईंकडून हिला, हिच्याकडून पोरीला. घराण्यातच आहे!”

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, जावयाने माझ्या माहेरच्या-सासरच्या कुणाला नावं ठेवली नव्हती. ठेवली ती एकदम तीन पिढ्यांना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बापू आम्हा दोघींना नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण, कपाळावर दिवा बांधलेला. तिने माझ्या लेकीला आ करायला लावला. “घसा स्वच्छ आहे.” मग मला. “आजी, आ करा, आवाज काढा.” मी पुन्हा ते फाटक उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठाची कड हलली. “आजी, हा आवाज किती दिवस आहे?” “रिक्षातून उतरल्यापासून,” मी म्हटलं.

“डॉक्टर, चेष्टा नको,” बापू कळवळून म्हणाले. “तुम्हाला ऐकू येत नाही का? आत्ता तुम्ही बोललात, तुमच्याही घशात तीच खरखर आहे! डावीकडून येतेय!”

डॉक्टरीणबाईने हातातली पट्टी खाली ठेवली.

“घसा डावीकडून बोलत नाही काका. तुम्ही या बघू खुर्चीवर.”

“मी? मी तर सोबत आलोय.”

“या तर खरं.”

दिवा कानाजवळ गेला. बापू शाळेतल्या मुलासारखे ताठ. डॉक्टरीणबाईने बारीकसा चिमटा घातला, काहीतरी हलकेच ओढलं आणि पांढऱ्या कापसावर ठेवून आमच्यासमोर धरलं. एक केस. राठ, आखूड, तांदळाच्या दाण्याएवढाही नाही.

“पडद्याला टेकून बसला होता. मोठा आवाज आला की पडदा हलतो, हा घासतो. कानातले केस कापले होते का काका?”

बापू छताकडे बघायला लागले.

“कापले होते का?” माझ्या लेकीने विचारलं.

“मिशीच्या कात्रीने,” बापू अगदी बारीक आवाजात म्हणाले. “पोरीचं गाणं ऐकायचं होतं. म्हटलं, जरा रस्ता मोकळा करावा.”

डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हात धुवायला गेली. बराच वेळ धुतले तिने.

घरी येताच बापू तडक आत घुसले. चपलाही न काढता सोफ्यावर बसले, बटण दाबलं. पोरीने आवाज वर नेला, आणखी वर नेला, आणि बापू हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी नुसतं चाललेलं. गाणं संपलं तरी तसेच. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि फोन लावला. (उजव्या कानाला. आता डाव्यावर त्यांचा राग होता.)

“बेटा,” बापू म्हणाले, निकाल वाचणाऱ्या जजसारखे, “कुठेही घसरलेलं नाहीये. कुठेही नाही. पाठव. आत्ताच्या आत्ता पाठव.”

“बाबा,” पलीकडून पोर म्हणाली, “ते मी कधीच पाठवलं.”

“कधीच म्हणजे?”

“तुम्ही गरम पाणी प्यायला सांगितलंत ना, त्यानंतर मी रडत आईला फोन केला. आई म्हणाली, मी रोज स्वयंपाकघरातून ऐकतेय, झकास झालंय, पाठवून दे. मी पाठवलं. कालच शेवटचा दिवस होता, आज सकाळी निवडही झाली. संध्याकाळी सांगणारच होते.”

बापूंनी फोन हळूच खाली ठेवला. आनंद झाला होता, तो तोंडावर मावत नव्हता. आणि खाली कुठेतरी टोचतही होतं, ते लपत नव्हतं. माझी लेक दारात पदराला हात पुसत उभी.

“तुला खरखर ऐकू येत नव्हती?”

“नाही.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

“मग हो का म्हणत होतीस?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्ही परत लावून दाखवलं असतं. भाजी करपते तेवढ्यात.”

“अगं, पण एकदा तरी मला सांगायचं...”

“तुम्ही वायरींमध्ये एवढे रमला होता! कित्येक दिवसांत एवढे आनंदात नव्हता तुम्ही. माझं मन नाही झालं.”

बापू विचारात पडले. मोठ्या विचारात. एकेक करून जुन्या गोष्टी आठवत असाव्यात: ती महागातली वायर, ते स्पीकरखालचे रबराचे पाय, डबड्याखालची ती लाकडी फळी, दर वेळी “फरक कळला ना?” आणि दर वेळी आतून आलेलं “हो.”

“अगं,” ते चाचरत म्हणाले, “आजवर तू किती वेळा असं हो म्हणालीस गं?”

माझ्या लेकीने पदर नीट केला. “आधी जेवून घ्या,” म्हणाली.

झालं, एवढंच. आता उठा तुम्ही. खरं सांगते, माझ्याकडे बघू नका, चपला घाला. ती घंटी ऐकलीत ना? बापू ऑफिसातून आले. हल्ली घरात कुणाच्या ‘हो’वर त्यांचा भरवसा राहिलेला नाही, म्हणून दारात आलेल्या माणसाला सोफ्यावर बसवून दोन वायरींतला फरक विचारतात. कालच्या दूधवाल्याला अजून कळलेला नाही. जा म्हणते ना, मागल्या दाराने जा!